खोलीचा स्वतःचा सूर

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असते. कोणीतरी मंचावर जाऊन 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' असे म्हणते आणि त्याच क्षणी कर्ण्यातून कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. आवाजवाला धावत जाऊन बटण फिरवतो, शिट्टी थांबते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. ही शिट्टी कोणी वाजवली, असा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

उत्तर साधे आहे. माईकने पकडलेला आवाज मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो, सभागृहात फिरून पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि पुन्हा बाहेर पडतो. हे चक्र सेकंदात कित्येक वेळा फिरते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावावरून याला लार्सेन परिणाम म्हणतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की माईकमध्ये कोणताही शब्द उच्चारला तरी शेवटी उरतो तो एकच सूर. तो बोलणाऱ्याचा नसतो. तो माईक, कर्णा आणि सभागृह या तिघांचा मिळून असतो.

हे चक्र इतक्या वेगाने फिरते, की शब्दाचा सूर कसा होतो हे कानांना कळतच नाही. समजा, हे चक्र आपल्याला हवे तेथे थांबवता आले, एकेक फेरी सावकाश ऐकता आली, तर? १९६९ साली अमेरिकेतील एका संगीतकाराने नेमके हेच केले. त्यासाठी त्याला तीनच गोष्टी लागल्या : एक खोली, स्वतःचा आवाज आणि ध्वनिफीत. त्या प्रयोगाची ही हकीकत.

फितीचे वेटोळे

ध्वनिफितीचा जन्म जर्मनीतला. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर देऊन तिच्यावर आवाज साठवण्याचे पेटंट घेतले. १९३५ मध्ये एईजी या कंपनीने 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकन लष्करी अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटे भाग करून मायदेशी नेली, १९४६ मध्ये त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले आणि काही वर्षांतच रेडिओ केंद्रांतून फितीचा वापर सुरू झाला.

तबकडीवरचा आवाज कापता येत नाही, फितीवरचा येतो. ब्लेडने फीत कापा, तुकडे हव्या त्या क्रमाने चिकटवा, उलटी चालवा, वेग बदला. फितीचे एक टोक दुसऱ्याला चिकटवले, की तिचे वेटोळे बनते आणि त्यावरचा आवाज यंत्र चालू असेपर्यंत पुनःपुन्हा येत राहतो. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या यंत्रावर ३८ सेंटिमीटर लांबीचे वेटोळे म्हणजे बरोबर एका सेकंदाचा आवाज. दहा सेकंदांसाठी जवळजवळ चार मीटर फीत लागते. ती यंत्रावर मावत नाही, म्हणून माईकच्या स्टँडभोवती किंवा कोणी हातात धरलेल्या पेन्सिलीभोवती फिरवावी लागे. १९६६ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यासाठी लंडनच्या स्टुडिओतील तंत्रज्ञ अशाच पेन्सिली धरून उभे होते.

या कल्पनेचा उगम फितीच्याही आधीचा आहे. पॅरिसच्या रेडिओ केंद्रात अभियंता असलेल्या पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांची एक रचना केली. सर्पिल खाचेऐवजी स्वतःलाच येऊन मिळणारी बंद वर्तुळाकार खाच ते तबकडीवर कोरत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असा एक फेरा सुमारे पाऊण सेकंदाचा होतो. इंजिनाचा तोच फुत्कार दहाव्यांदा ऐकला, की इंजिन विसरायला होते आणि त्या आवाजाचा पोत, चढउतार, ताल ऐकू येऊ लागतो. पुनरावृत्तीमुळे कान वेगळ्या रीतीने ऐकतो, हा शेफेर यांचा मोठा शोध.

१९६५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह राइश या तरुण संगीतकाराला असाच एक शोध जवळजवळ अपघाताने लागला. रस्त्यावर प्रवचन देणाऱ्या एका धर्मोपदेशकाचे बोलणे त्यांनी मुद्रित केले होते. त्यातल्या एकाच वाक्यांशाची दोन सारखी वेटोळी दोन स्वस्तातल्या यंत्रांवर त्यांनी एकदम चालू केली. दोन्ही यंत्रांचे वेग अगदी सारखे नव्हते. त्यामुळे एक आवाज दुसऱ्यापासून हळूहळू सरकू लागला.

येथे थोडे गणित करून पाहू. समजा, वेटोळे एक सेकंदाचे आहे आणि वेगांत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. म्हणजे दर फेरीला एक यंत्र दुसऱ्याच्या ५ मिलिसेकंद मागे पडेल. पहिल्या काही फेऱ्यांत आवाज फक्त जाड झाल्यासारखा वाटेल. वीस फेऱ्यांनंतर अंतर एक दशांश सेकंद होईल आणि प्रतिध्वनी ऐकू येईल. पुढे दोन आवाज एकमेकांना सवाल-जवाब करताहेत असे भासेल, आणि सुमारे दोनशे सेकंदांनी दोन्ही पुन्हा एकत्र येतील. घड्याळाचे दोन काटे ठराविक काळाने एकमेकांवर येतात, तसाच हा प्रकार. यंत्राच्या उणिवेतून राइश यांना रचनेचा एक नियमच सापडला.

सबाइन आणि उशा-गाद्या

फितीची कथा येथे थोडी थांबवून खोलीकडे वळू. खोलीचा आवाजावर काय परिणाम होतो हे पहिल्यांदा नीट मोजले ते हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण अध्यापक वॉलेस सबाइन यांनी. १८९५ मध्ये तेथे फॉग कला संग्रहालयाची इमारत नवीन होती, पण तिच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच समजत नसे. एक अक्षर उच्चारले की त्याचा निनाद सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे आख्खे वाक्य बोलून मोकळा होई.

सबाइन यांच्याजवळ माईक नव्हता, ध्वनिपातळी मोजण्याचे यंत्र नव्हते. होती ती ५१२ हर्ट्झची ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. दिवसाच्या गोंगाटात असे मोजमाप शक्य नसल्याने ते रात्री काम करीत. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून ते त्या एकेक करून सभागृहात मांडत, नळी वाजवून बंद करीत आणि आवाज विरेपर्यंतचा काळ मोजत. मग पहाट होण्यापूर्वी गाद्या परत जागेवर नेऊन ठेवाव्या लागत.

या रात्रींतून एक साधे सूत्र निघाले. खोलीचे आकारमान घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. उत्तर म्हणजे निनादकाल, सेकंदांत. शोषण मोजायला सबाइन यांनी निवडलेले एकक मोठे सुंदर आहे : उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. या सूत्राच्या आधारे रचलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली सुरू झाले आणि आजही ते जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

निनाद किती वेळ टिकतो हे सबाइन यांनी सांगितले. पण खोली सगळ्याच सुरांना सारखे वागवत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाचे स्थिर तरंग तयार होतात, तसेच जसे तारेवर किंवा बासरीत होतात. दोन भिंतींतील अंतराच्या दुपटीने आवाजाच्या वेगाला भागले, की सर्वांत खालचा अनुनादी सूर मिळतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचे असे तीन सूर सुमारे ३४.५, ४३ आणि ५७.५ हर्ट्झचे येतात. त्यांच्या पटी आणि तिरप्या दिशांनी होणारे तरंग धरले, तर ३०० हर्ट्झच्या खाली या एका खोलीत दोनशेच्या वर अनुनादी सूर असतात.

न्हाणीघरात गाणाऱ्याचा आवाज भारदस्त का होतो, याचे उत्तरही यातच आहे. दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद न्हाणीघराचे खालचे सूर ११५ आणि १३८ हर्ट्झच्या आसपास येतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरही याच पट्ट्यात असतो. शिवाय लादीच्या भिंती आवाज फारसा शोषत नाहीत.

बोस यांचे व्याख्यान, ल्यूसियर यांची खोली

ऑल्विन ल्यूसियर यांचा जन्म १९३१ चा, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. १९६० च्या दशकात ते बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात संगीत शिकवत. विज्ञानाचे त्यांना वावडे नव्हते. १९६५ मध्ये एडमंड ड्यूअन या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी आपल्या मेंदूतील अल्फा तरंग विवर्धित करून त्यांच्या कंपनांनी ढोल वाजवले. १९६८ च्या एका रचनेत कलाकार अंधारात हिंडत टिकटिक करणारी उपकरणे वापरतात आणि प्रतिध्वनीवरून भिंती ओळखतात. डोनाल्ड ग्रिफिन यांचे वटवाघळांवरील संशोधन ही तिची प्रेरणा.

याच सुमारास एका सहकाऱ्याने त्यांना एमआयटीतील एका व्याख्यानाविषयी सांगितले. वक्ते होते अमर बोस. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, तेथून अमेरिकेत गेलेले. स्वतः बोस एमआयटीत प्राध्यापक होते आणि ध्वनिवर्धक तयार करणाऱ्या कंपनीचे संस्थापकही. ध्वनिवर्धकाचे दोष तपासण्यासाठी बोस त्यातून आलेला आवाज मुद्रित करून पुन्हा त्याच ध्वनिवर्धकात सोडत. प्रत्येक फेरीत दोष वाढत जाई आणि अखेर लपून राहत नसे. ल्यूसियर यांना वाटले, ध्वनिवर्धकाऐवजी खोलीची अशी परीक्षा घेतली तर?

१९६९ मध्ये त्यांनी ती घेतली. खोलीत बसून त्यांनी काही वाक्ये बोलून मुद्रित केली. ती फीत त्याच खोलीत ध्वनिवर्धकावर लावली आणि खोलीत ऐकू येणारा आवाज माईकने दुसऱ्या फितीवर घेतला. मग ती दुसरी फीत वाजवून तिसरी, तिसरीवरून चौथी. शेवटी सर्व पिढ्या ओळीने जोडल्या. रचनेचे नाव अगदी साधे, 'आय अॅम सिटिंग इन अ रूम', म्हणजे 'मी एका खोलीत बसलो आहे'. बोललेली वाक्येही प्रयोगाविषयीच आहेत. आपण काय करणार आहोत आणि त्याने काय होईल एवढेच ते सांगतात. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ही रचना सादर झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये घराच्या बैठकीच्या खोलीत केलेले तिचे मुद्रण विशेष प्रसिद्ध आहे. त्यात ३२ पिढ्या आहेत आणि ते सुमारे ४५ मिनिटे चालते.

पहिल्यांदा एका माणसाचे स्पष्ट बोलणे ऐकू येते. चार-पाच पिढ्यांनंतर तो मोठ्या रिकाम्या दालनातून बोलतोय असे वाटते. पुढे व्यंजने पुसट होतात, स्वर एकमेकांत मिसळतात, शब्दांभोवती घंटेसारखे सूर वाजू लागतात. मध्यावर केव्हातरी शब्द हरवतात. नेमके केव्हा हे सांगता येत नाही. शेवटी काचेच्या भांड्यांवरून बोट फिरवल्यासारखे लांब सूर तेवढे उरतात. बोलण्यातले थांबे आणि लय यांची पुसट खूण मात्र त्यांच्या कमी-जास्त होण्यात राहते.

घातांकाची करामत

यात गूढ काही नाही. ही भूमिती श्रेढी आहे. समजा, खोली एका सुराला पूर्ण साथ देते, दुसऱ्याला त्याच्या ०.९ पट आणि तिसऱ्याला निम्मी. एका फेरीत हा फरक कानाला फारसा जाणवणार नाही. दहा फेऱ्यांनंतर दुसरा सूर ०.३५ पट आणि तिसरा हजारांत एक भाग उरतो. ३२ फेऱ्यांनंतर दुसरा शंभरात साडेतीन भाग, तर तिसरा चार अब्जांत एक भाग. चक्रवाढ व्याजाचाच हा हिशेब आहे, फक्त दर सुरागणिक वेगळा. प्रत्येक फेरीला एकूण आवाजाची पातळी पूर्ववत करून घेतात, म्हणून पहिला सूर टिकतो आणि बाकीचे त्याच्या तुलनेत मावळतात.

तीन गोष्टी वर्गात मुद्दाम सांगाव्यात. एक, खोली नवा सूर निर्माण करत नाही. मूळ बोलण्यात जो सूर नाही तो ती वाढवू शकत नाही. मानवी बोलण्यात खूप वेगवेगळे सूर मिसळलेले असतात, म्हणून खोलीला निवडीसाठी भरपूर वाव मिळतो. दोन, माईक एखाद्या सुराच्या निस्पंदावर ठेवला तर तो सूर माईकला ऐकूच येणार नाही; म्हणून माईकची जागा बदलली की निकाल बदलतो. तीन, ही निवड एकट्या खोलीची नसते. ध्वनिवर्धक, माईक आणि फीत यांच्या आवडीनिवडीही प्रत्येक फेरीत गुणल्या जातात. स्नेहसंमेलनातील शिट्टी आणि ही रचना यांचे मूळ एकच. फितीने फक्त ते चक्र सुटे केले आणि प्रत्येक पायरी ऐकण्याजोगी केली.

ल्यूसियर यांच्या दृष्टीने मात्र हे केवळ भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक नव्हते. ते तोतरे बोलत. मुद्रणात काही शब्दांवर ते अडखळलेले ऐकू येतात आणि आपल्या बोलण्यातील खाचखळगे या क्रियेने सपाट होतील, असे ते त्याच वाक्यांत सांगतात. तसे ते होतातही. अडखळणे विरघळून जाते. पण त्याची किंमत म्हणजे अर्थही जातो. जो सूर उरतो तो कोणाचाही असू शकतो. अडखळणाऱ्या शब्दांत मात्र एक विशिष्ट माणूस होता. विज्ञान येथे थांबते, आणि ऐकणाऱ्याने काय गमावले, काय मिळवले हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

ही रचना संगीतकाराबरोबर संपली नाही. २०२१ मध्ये ल्यूसियर यांच्या नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त नव्वद जणांनी आपापल्या खोल्यांत ती केली. तो कार्यक्रम एका दिवसाहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी ल्यूसियर यांचे निधन झाले.

आपला वर्ग

शिक्षकांसाठी या हकीकतीत एक रोजच्या कामाची गोष्ट आहे. आपण वर्गात जे बोलतो तेही खोलीतून गाळूनच शेवटच्या बाकापर्यंत पोचते. ल्यूसियर यांनी बत्तीस फेऱ्या केल्या, आपली एकच होते. पण तीही पुरेशी असू शकते.

७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच वर्ग घ्या. आकारमान १२६ घनमीटर. गिलाव्याच्या भिंती, शहाबादी फरशी आणि वर स्लॅब. हे सर्व पृष्ठभाग आवाजाचा शेकडा तीन भागच शोषतात असे धरले, तर १६२ चौरस मीटर क्षेत्रफळाचे शोषण सुमारे ५ एकके भरते. सबाइन यांच्या सूत्राने रिकाम्या, बंद वर्गाचा निनादकाल ४ सेकंद येतो. चाळीस मुले बसली आणि प्रत्येकाचे शोषण ०.३५ धरले, तर एकूण १९ एकके होतात व निनादकाल सुमारे १.०६ सेकंदावर येतो. चार चौरस मीटर खिडक्या उघडल्या तर ०.८८. मागच्या भिंतीवर दहा चौरस मीटर जाड गोधड्या टांगल्या आणि त्यांनी निम्मा आवाज शोषला, तर ०.७२. अमेरिकेत २००२ मध्ये ठरलेल्या मानकानुसार अशा वर्गाचा निनादकाल ०.६ सेकंदाहून जास्त नसावा, आणि तोही वर्ग रिकामा असताना.

निनाद वाढला की आधी व्यंजने बुडतात. 'ताप', 'तास', 'ताट' या तिन्हींतील 'ता' जोरकस आहे. फरक आहे तो शेवटच्या क्षीण व्यंजनात, आणि त्यावर आधीच्या 'आ'चा निनाद पसरलेला असतो. घरी हीच भाषा बोलणारे मूल संदर्भावरून शब्द ओळखून घेते. पण ज्याची घरची भाषा वेगळी आहे, ज्याला थोडे कमी ऐकू येते किंवा सर्दीने कान दडे बसले आहेत, त्याच्यापाशी तो आधार नसतो. श्रुतलेखनात त्याच्या चुका होतात आणि आपण त्या त्याच्या नावावर लिहितो. त्यातल्या काही खोलीच्या असू शकतात.

हे तपासण्यासाठी फितीची आता गरज नाही. दोन मोबाइल फोन आणि एक छोटा ध्वनिवर्धक पुरे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एका विद्यार्थ्याने चार वाक्ये बोलावीत. ती ध्वनिवर्धकावर वाजवून दुसऱ्या फोनवर मुद्रित करावीत आणि फोनची अदलाबदल करत हा क्रम दहा-बारा वेळा करावा. फोन आणि ध्वनिवर्धक यांच्या जागा बदलू नयेत. फोनमध्ये गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी, नाहीतर निनादच गाळला जाईल. हाच प्रयोग मग मैदानात करावा, म्हणजे यंत्रांचा वाटा किती आणि खोलीचा किती हे वेगळे करता येईल. शेवटी मुलांनी प्रत्येक पिढीत समजलेले शब्द वहीत लिहावेत आणि पिढीचा क्रमांक व शब्दांची संख्या यांचा आलेख काढावा.

जमल्यास ही मोजणी करताना एकाला पहिल्या बाकावर आणि एकाला शेवटच्या बाकावर बसवावे. त्यांच्या दोन आलेखांतील अंतर हे आपल्या वर्गाविषयीचे खरे मोजमाप असेल.